वाचकांचे प्रश्न : कोंदट हवेचा तापलेला साक्षीदार

गेल्या अंकातील वातानुकूलित वर्गखोल्यांवरच्या लेखात, कार्बन डायऑक्साइड ओळखणाऱ्या घन विद्युत-रासायनिक सेन्सरचा उल्लेख आम्ही एका वाक्यात उरकला होता. ते एक वाक्य वाचकांना पुरले नाही, हे ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांवरून दिसते. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ ठिकाणे दिली आहेत आणि लांब पत्रे थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : मी अणुविद्युत पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एमजी-८११ हा कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर आणला. तो चांगलाच गरम होतो आणि त्यावर फुंकर मारली की व्होल्टेज वाढण्याऐवजी कमी होते. आत द्रव नाही, प्रकाशाचा दिवा नाही. मग एका घन पदार्थाला वायू कळतो तरी कसा? आणि तो तापवावा का लागतो? — ऐरोली

उत्तर : तुमच्या हातात आहे तो सेन्सर म्हणजे मुळात एक चिमुकला विद्युतघट आहे. शाळेत आपण तांब्याची आणि जस्ताची पट्टी द्रावणात बुडवून घट तयार करतो. तेथे द्रावणाचे काम एवढेच की त्यातून आयन जावेत, इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारेनेच जावेत. हे काम द्रवानेच करावे असा काही नियम नाही. काही सिरॅमिक पदार्थांच्या स्फटिकात अणूंची मांडणी अशी असते की बाकीचे अणू खांबांसारखे जागच्या जागी राहतात आणि त्यांच्यामधल्या बोळांतून सोडियमचे आयन सरकत जातात. अशा पदार्थाला घन विद्युत अपघटनी किंवा सॉलिड इलेक्ट्रोलाइट म्हणतात. कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरमध्ये ज्याचा सर्वाधिक वापर झाला तो नॅसिकॉन हा सोडियम, झिर्कोनियम, सिलिकॉन, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा संयुक्त पदार्थ असून, तो १९७६ साली हाँग आणि जॉन गुडइनफ यांनी पुढे आणला. लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी ज्यांना २०१९ साली, वयाच्या ९७व्या वर्षी, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेच हे गुडइनफ.

आता या सिरॅमिकच्या वडीच्या दोन बाजूंना दोन विद्युत अग्रे (इलेक्ट्रोड) बसवलेली असतात. त्यांपैकी एका अग्रावर सोडियम कार्बोनेटचा किंवा त्याच्या जातीतल्या एखाद्या कार्बोनेटचा पातळ थर असतो. सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडाच, फक्त त्यातले पाणी काढून टाकलेला. सेन्सरचे सारे कसब या थरात आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड, हवेतला ऑक्सिजन, वडीतून आलेले सोडियमचे आयन आणि तारेतून आलेले इलेक्ट्रॉन असे चौघे या थरापाशी एकत्र आले की कार्बोनेट तयार होते, आणि त्याच वेळी तयार असलेले कार्बोनेट उलट दिशेने मोडतही असते. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की ही देवाणघेवाण कार्बोनेट तयार होण्याच्या बाजूला झुकते, अग्रावरचे इलेक्ट्रॉन अधिक ओढले जातात आणि त्या अग्राचे विभव, म्हणजे व्होल्टेज, बदलते. दुसऱ्या अग्रावर कार्बोनेट नसल्यामुळे त्याला या वायूचे सोयरसुतक नसते. ते तुलनेसाठी स्थिर राहते. दोन्ही अग्रे एकाच हवेत असली तर दोन्हीकडच्या अभिक्रियांत ऑक्सिजन सारखाच भाग घेतो, म्हणून त्याचा परिणाम परस्पर वजा होतो. उरते ते फक्त कार्बन डायऑक्साइडने घडवलेले विभवांतर. ही युक्ती मला या सेन्सरमधली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

हे विभवांतर किती असेल ते वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ साली मांडलेल्या समीकरणावरून निघते, आणि त्याचा स्वभाव नीट समजून घेतल्याशिवाय तुमच्या प्रकल्पाचे गणित जुळणार नाही. विभव हे वायूच्या प्रमाणाच्या लॉगरिदमवर अवलंबून असते. वडीचे तापमान ४५० अंश सेल्सिअस धरले, तर वायूचे प्रमाण दहापट झाल्यावर विभवात सुमारे ७२ मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि दुप्पट झाल्यावर सुमारे २२ मिलिव्होल्टचा. म्हणजे हवा ४०० पीपीएमवरून (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग) ८०० वर गेली काय किंवा २,००० वरून ४,००० वर गेली काय, सेन्सरच्या लेखी दोन्ही घटना सारख्याच. तराजू जसा वजन सांगतो तसा हा सेन्सर वायूचे प्रमाण सांगत नाही. मघाच्या हवेपेक्षा आताची हवा किती पट झाली, एवढेच तो सांगतो. मघाची हवा कशी होती हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्यातून पीपीएमचा आकडा काढता येतो. पुढच्या पत्रांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

तापवण्याचे कारण सोपे आहे. थंड असताना सोडियमचे आयन त्या बोळांतून फार सावकाश सरकतात आणि कार्बोनेटची देवाणघेवाणही मंदावते, त्यामुळे घट समतोलाला पोहोचतच नाही. काहीशे अंशांवर दोन्ही गोष्टी वेग घेतात. नेर्न्स्ट यांना हे फार चांगले ठाऊक होते, कारण १८९७ साली त्यांनी स्वतः एक दिवा बनवला होता, ज्यात झिर्कोनियम ऑक्साइडसारख्या ऑक्साइडांची कांडी विजेने तापून लख्ख उजळत असे. ती कांडीही घन विद्युत अपघटनीच होती. थंड असताना तिच्यातून वीज वाहत नसे, म्हणून दिवा लावायचा तर आधी कांडी तापवावी लागे. विजेचा दिवा लावायला आधी त्याला ऊब द्यायची, हा प्रकार त्या काळच्या गिऱ्हाइकांना विचित्र वाटला असणार. मोटारीच्या धुरांड्यात बसणारा ऑक्सिजनचा सेन्सर त्याच कुळातला, आणि तुमचा एमजी-८११ त्याचा चुलतभाऊ.

फुंकर मारल्यावर व्होल्टेज कमी होते त्यात बिघाड काहीही नाही. दोन पायांपैकी कोणाला धन म्हणायचे, हा केवळ संकेताचा प्रश्न आहे आणि या सेन्सरांत तो असा ठरवला आहे की वायू वाढला की विभव उतरते. एक सूचना मात्र पाळा : सेन्सरच्या पायांवर मल्टीमीटर थेट लावू नका. हा घट अगदी क्षीण आहे. त्यातून नगण्य म्हणावा इतका प्रवाह ओढला तरी विभव ढासळते आणि तुम्ही वायू नव्हे तर स्वतःचा मीटर मोजत बसता. मध्ये अतिशय उच्च आदानरोध असलेला, म्हणजे सेन्सरमधून जवळजवळ प्रवाहच न ओढणारा, ऑप-अँप (संकेत वाढवणारी चिप) हवाच. हीटरचा विद्युतपुरवठाही पक्का स्थिर ठेवा, कारण नेर्न्स्टच्या समीकरणात तापमान थेट गुणले जाते. हीटर डळमळला की आकडाही डळमळतो. आणि फुंकर हे मोजमाप नव्हे. आपण सोडलेल्या श्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो, शिवाय वाफ आणि तापलेल्या वडीला गार करणारा झोतही असतो. सेन्सर जिवंत आहे की नाही, एवढेच त्यातून कळते.

प्रश्न : मी दहावी-बारावीच्या शिकवण्या घेतो. एका माजी विद्यार्थ्याने अशाच सेन्सरचा मीटर बनवून वर्गात लावून दिला आहे. उन्हाळ्यात तो बरा चालला. पावसाळ्यात मात्र सकाळी मीटर सुरू केला की २५० पीपीएम दाखवतो, आणि मुले भरल्यावरही ९०० च्या वर क्वचितच जातो. रात्री वीज वाचवण्यासाठी आम्ही तो बंद करतो. वर्ग वातानुकूलित आहे, खिडक्या बंद असतात. मीटर बिघडला, की आमची हवा खरोखरच चांगली आहे? — कळवा

उत्तर : हवा चांगली आहे असे मानून चालू नका. पहिला पुरावा तुमच्या पत्रातच आहे. पृथ्वीवर उघड्या हवेत आज कोठेही २५० पीपीएम कार्बन डायऑक्साइड उरलेला नाही. हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा हे प्रमाण सुमारे ३१५ होते. २०२४ साली त्याची वार्षिक सरासरी सुमारे ४२५ होती. शहरातली हवा त्याहून थोडी वरच असते. तेव्हा रिकाम्या वर्गात २५० दिसले, की आकडा खोटा आहे हे निश्चित झाले.

आता हा खोटेपणा किती महागात पडतो ते पाहा. ४३० च्या जागी २५० दिसायला विभवात केवळ १७ मिलिव्होल्टच्या आसपास सरक पुरते. पण हा सेन्सर पटींत बोलत असल्यामुळे ती चूक १८० पीपीएमची राहत नाही. सर्व आकडे त्याच प्रमाणात दाबले जातात, म्हणजे खरी हवा १,५०० पीपीएम असेल तेव्हा मीटरवर साधारण ८७० दिसतात. तुमचा ९०० चा आकडा तेथूनच आलेला दिसतो. हिशेबही तेच सांगतो. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ८५ घनमीटर हवा मावते. बसून असलेला एक माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तीस मुलांचे ५४० लिटर झाले. खोली पूर्ण बंद असेल तर दहा मिनिटांत हजारभर पीपीएमची भर पडते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा खेळते, म्हणून वाढ त्याहून सावकाश होते, पण तासाभराच्या तासिकेत बंद खोली ९०० वर थांबणे शक्य दिसत नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची हवा आत आणत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

पावसाळ्याचे कारण रासायनिक आहे. धुण्याचा सोडा दमट हवेत कसा वागतो हे जुन्या घरांत सर्वांनी पाहिलेले आहे. अग्रावरचे कार्बोनेटही पाण्याशी तसेच सलगी करते. सेन्सर चालू असताना काहीशे अंशांच्या उष्णतेमुळे पाणी थरात टिकत नाही. पण तुम्ही रात्री मीटर बंद केला की वडी थंड होते आणि कळव्याच्या खाडीकाठच्या जुलैतल्या हवेत तो थर रात्रभर ओलावा ओढत राहतो. सकाळी हीटर लागला की पाणी निघून जाते, पण थराची घडण आणि अग्राशी असलेला त्याचा स्पर्श लगेच पूर्ववत होत नाही. विभवाचे मूळ स्थान सरकलेले राहते आणि काही तासांनी, कधी त्याहूनही अधिक वेळाने, ते जागेवर येते. रोज रात्री बंद करून तुम्ही त्याला रोज आजारी पाडत आहात. संशोधकांनी यावर उपाय म्हणून नुसत्या सोडियम कार्बोनेटऐवजी बेरियम कार्बोनेट मिसळलेले थर, किंवा लिथियम कार्बोनेट आणि कॅल्शियम कार्बोनेट यांची मिश्रणे वापरली. जपानमधील क्युशू विद्यापीठात यामाझोए आणि मिउरा यांच्या गटाने या दिशेने बरेच काम केले. लिथियम कार्बोनेट पाण्यात फार थोडे विरघळते, सोडियम कार्बोनेट भरपूर, हे पाहिले की त्या निवडीमागचा विचार कळतो. दमटपणाचा त्रास यामुळे कमी होतो, पण बंद ठेवलेल्या सेन्सरला तोही थर पूर्ण वाचवत नाही.

म्हणून मीटर दिवसरात्र चालू ठेवा. त्याचा वीजवापर एक-दोन वॅटच्या घरात आहे; महिन्याला एक-दीड युनिट, त्याने बिल फुगणार नाही. वीज गेलीच तर त्यानंतरचे काही तास आकड्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट तुमच्या माजी विद्यार्थ्याला विचारा : मीटर स्वतःहून शून्यस्थान सुधारतो का? पुष्कळ मीटरांच्या प्रोग्राममध्ये असे गृहीत धरलेले असते की गेल्या काही दिवसांत दिसलेली सर्वांत स्वच्छ हवा म्हणजे बाहेरची ४०० पीपीएमची हवा. रात्री खिडक्या उघड्या राहणाऱ्या घरात हे ठीक आहे. तुमचा वर्ग मात्र सदा बंद; रात्री उतरून हवा ६०० पर्यंत आली तर मीटर त्या ६०० लाच ४०० समजेल आणि पुढे खऱ्या १,५०० ला १,००० म्हणेल. प्रोग्राममध्ये ३५० हा आकडा असेल तर तोही बदलून घ्या. जुन्या माहितीपत्रकांत स्वच्छ हवा ३५० पीपीएम धरलेली असते आणि ती नकलून घेण्याची रीत अजून गेलेली नाही. जगाची हवा १९८८ च्या सुमारास तो आकडा ओलांडून पुढे गेली.

मीटर जुळवण्यासाठी स्वच्छ हवेत न्यावा लागेल. पहाटे येऊरच्या जंगलात नेण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टाळा. रात्रभर झाडे आणि माती श्वसन करीत असतात, आणि वारा पडलेला असला तर पहाटे जमिनीलगत कार्बन डायऑक्साइड साचून प्रमाण बरेच चढलेले असते. त्यापेक्षा दुपारी, वारा असताना, रस्त्यापासून दूर एखाद्या इमारतीच्या गच्चीवर, मीटर चालू स्थितीतच तास-दोन तास ठेवा आणि त्या वेळचे विभव ४३० पीपीएमचे धरा. वाऱ्याचा झोत थेट वडीवर येऊ देऊ नका आणि स्वतः वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहा, म्हणजे तुमचा श्वास मीटरकडे जाणार नाही.

प्रश्न : तुर्भ्याच्या बाजारात आमचा फळांचा व्यापार आहे. आंबा आणि केळी पिकवण्याच्या खोल्या आम्ही चालवतो. खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढला की फळ नीट पिकत नाही, म्हणून ठरावीक तासांनी दारे उघडतो. घड्याळाऐवजी सेन्सरवर पंखा लावायचा विचार आहे. घन सेन्सर चालेल का? फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूचा त्याला त्रास होईल का? — तुर्भे

उत्तर : घड्याळ सोडून वायूवर पंखा चालवण्याचा विचार योग्य आहे, कारण फळ किती श्वास सोडते हे त्याच्या जातीवर, पिकण्याच्या टप्प्यावर आणि भरलेल्या पेट्यांवर अवलंबून असते, घड्याळाला यातले काहीच कळत नाही. कार्बन डायऑक्साइड १ टक्क्याच्या, म्हणजे १०,००० पीपीएमच्या वर गेला की तो इथिलीनच्या कामात अडथळा आणतो आणि पिकण्याची क्रिया रेंगाळते. तेव्हा पंखा ७,००० ते ८,००० च्या दरम्यान सुरू व्हावा अशी योजना ठेवा.

या कामासाठी घन सेन्सर वर्गखोलीपेक्षा अधिक शोभतो, असे माझे मत आहे. पटींत बोलण्याचा त्याचा जो स्वभाव शिक्षकांना नडला तोच येथे उपयोगी पडतो : ४०० पासून १०,००० पीपीएमपर्यंतचा सगळा पल्ला तो एकाच ताकदीने पेलतो, आणि ८,००० च्या जागी ७,३०० वर पंखा लागला तरी आंब्याचे काहीही बिघडत नाही. तुमच्या खोलीतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. तापलेल्या वडीवर दव जमत नाही, हाही फायदाच. अट एवढीच की सेन्सर कधी बंद पडता कामा नये. दव जमेल ते सर्किट बोर्डावर आणि जोडण्यांवर. त्यामुळे सेन्सरचे तोंड तेवढे खोलीत ठेवून इलेक्ट्रॉनिक्सची पेटी भिंतीच्या बाहेर बसवा आणि बोर्डावर संरक्षक लेप देऊन घ्या.

इथिलीनविषयी : फळे पिकवण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने इथिलीनला १०० पीपीएमपर्यंत परवानगी दिलेली आहे. तापलेल्या अग्रावर त्यातला काही भाग जळेल, पण १०० पीपीएम इथिलीन पूर्ण जळले तरी २०० पीपीएम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ८,००० च्या हिशेबात तो धरण्यासारखा नाही. धोका वेगळाच आहे. इथिलीन हवेत सुमारे २.७ टक्के झाले की पेट घेऊ शकते. १०० पीपीएम त्यापासून खूप दूर आहे. तरीही तुमच्याकडे इथिलीनची टाकी असेल तर टाकी आणि तिच्या झडपा असलेल्या जागी तापलेल्या वडीचा उघडा सेन्सर कदापि बसवू नका. तेथे ज्वलनशील वायूंसाठी प्रमाणित केलेलेच उपकरण हवे.

कामगारांचा विचार यातून सुटता कामा नये. आठ तासांच्या कामासाठी मान्य असलेली मर्यादा ५,००० पीपीएम आहे आणि ४०,००० पीपीएमला जिवाला तत्काळ धोका मानला जातो. पेट्या हलवायला माणूस आत पाठवण्यापूर्वी पंखा लावून आकडा उतरू द्या. सेन्सर जमिनीलगत नको, माणसाच्या छातीच्या उंचीवर हवा. हा वायू हवेच्या दीडपट जड आहे म्हणून तो तळाशी बसतो असे सांगितले जाते. ते टाकी फुटून थंड वायूचा लोट आला तर किंवा विहिरीसारख्या निश्चल जागेत खरे ठरते. पंखा फिरत असलेल्या खोलीत मात्र तो हवेत मिसळूनच राहतो.

प्रश्न : आमच्या न्हाणीघरात गॅस गीझर आहे. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावला तर गॅसने गुदमरण्याचा धोका आधी कळेल का? — पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : नाही. गॅस गीझरने जीव जातो तो कार्बन मोनॉक्साइडमुळे, आणि हा सेन्सर त्यासाठी नाही. नावे जुळी असली तरी हे वायू वेगळे आहेत : शेकडो पीपीएम कार्बन डायऑक्साइडचे आपल्याला काही वाटत नाही, पण तितकाच कार्बन मोनॉक्साइड काही तासांत प्राण घेऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडसाठी असलेला स्वतंत्र गजर घ्या. आणि त्याहीआधी, आजच, गीझर न्हाणीघराच्या बाहेर हवेशीर जागी हलवून त्याचा धूर नळीवाटे उघड्यावर सोडण्याची व्यवस्था करा.

प्रश्न : माझे मोजमाप उपकरणांच्या दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. हल्ली येणाऱ्या बहुतेक मीटरांत इन्फ्रारेड सेन्सर असतो, आणि काही फारच स्वस्त मीटरांत तर काय असते तेच कळत नाही. घन विद्युत-रासायनिक सेन्सरचे दिवस संपले का? दुसरे असे, की रबाळ्याच्या एका कारखान्यात लावलेला असा सेन्सर काही महिन्यांतच बधिर झाला. हे कशाने होते? — कोपरखैरणे

उत्तर : घरे आणि कचेऱ्यांपुरते बोलायचे तर इन्फ्रारेडने बाजी मारली आहे आणि ती रास्तच आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, प्रकाश शोषतो. नळीच्या एका टोकाला प्रकाश सोडायचा, दुसऱ्या टोकाला किती पोहोचला ते पाहायचे, एवढेच ते तंत्र. त्यात वायूचा रासायनिक स्पर्श कोठेच येत नाही, ओला होणारा थर नाही, आणि कमी प्रमाणांवर अचूकताही जास्त. नळीचा आरसा मळला किंवा त्यावर दव बसले, की मात्र त्याचेही आकडे भरकटतात.

स्वस्त मीटरांविषयी तुमची शंका खरी आहे. त्यांपैकी अनेकांत कार्बन डायऑक्साइड मोजणारा काहीच भाग नसतो. त्यांत धातूच्या ऑक्साइडचा एक सेन्सर असतो, जो अल्कोहोल, अत्तर, फोडणीचा धूर अशा बाष्पांना प्रतिसाद देतो, आणि त्यावरून खोलीत माणसे किती असावीत असा अंदाज बांधून पीपीएमचा आकडा पडद्यावर उमटवला जातो. परीक्षा सोपी आहे : हाताला लावायच्या सॅनिटायझरचा बोळा मीटरजवळ धरा. आकडा हजारांत उडाला, तर तो मीटर कार्बन डायऑक्साइडचा नव्हे. एखाद्या गिऱ्हाइकाने असा मीटर जुळवून मागितला तर पैसे न घेता परत करावा, असे मी सुचवीन. त्यात जुळवण्यासारखे काही नसते.

रबाळ्याच्या सेन्सरचे उत्तर बहुधा गंधकात आहे. कारखान्यात काय जळते हे तुम्ही लिहिलेले नाही, पण भट्टीचे तेल किंवा गंधकयुक्त इंधन असेल तर धुरात सल्फर डायऑक्साइड येतो. अग्रावरच्या कार्बोनेटशी त्याची गाठ पडली की कार्बोनेटचे सल्फेट होते. सल्फेट हे कार्बोनेटपेक्षा अधिक स्थिर असल्याने ते पुन्हा कार्बन डायऑक्साइडशी देवाणघेवाण करायला तयार होत नाही. थराचा जितका भाग सल्फेट झाला तितका सेन्सर कायमचा गेला. नायट्रोजन डायऑक्साइड आणि आम्लाची वाफ यांच्यामुळेही कार्बोनेटची अशीच हानी होते. काही सेन्सरांच्या टोपणाखाली झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे कण भरलेले असतात, ते नको असलेली बाष्पे बाहेरच अडवून धरतात. पण हे झिओलाइटही कधीतरी भरते. असा सेन्सर तुमच्याकडे परत आला तर हीटर आणि ऑप-अँप तपासून झाल्यावर एक चाचणी घ्या. त्याला आधी बाहेरच्या हवेत ठेवा, नंतर १ टक्का कार्बन डायऑक्साइड असलेल्या प्रमाणित सिलिंडरच्या वायूत ठेवा, आणि दोन विभवांमधला फरक मोजा. मूळ विभव सरकलेले असून फरक शाबूत असेल तर सेन्सर वाचण्याजोगा आहे, नव्याने जुळवा. फरकच आक्रसला असेल तर थर मेला आहे, सेन्सर बदला. मूळ विभवाच्या आकड्यावरून निदान करण्याच्या भानगडीत पडू नका. एकाच खोक्यातून काढलेल्या दोन नव्या सेन्सरांचे मूळ विभवही बरेच वेगळे असू शकते.

या तंत्राचे दिवस संपले असे मात्र मी म्हणणार नाही. इन्फ्रारेडच्या नळीला प्रकाशाचा मार्ग लागतो, तो फार आखूड करता येत नाही. घन सेन्सरचा थर मायक्रोमीटरांत मोजण्याइतका पातळ करता येतो. तुलनेच्या अग्राचा जुना प्रश्नही बराच सुटला आहे : पूर्वी तेथे बंद कप्प्यात ठरावीक वायू कोंडून ठेवावा लागे, पुढे सोडियम टायटॅनेटची दोन संयुगे एकत्र ठेवून सोडियमची पातळी आपोआप स्थिर राखण्याची युक्ती निघाली आणि कप्प्याची गरज उरली नाही. अडचण आहे ती हीटरची. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात वडीला काहीशे अंशांवर सतत ठेवणे परवडत नाही, आणि थांबून थांबून तापवले तर कळव्याच्या शिक्षकांच्या मीटरसारखी गत होते. तुमच्या दुकानात भिंतीच्या विजेवर चालणारे, फळखोल्या, मशरूमच्या शेड आणि हरितगृहे यांच्यासाठीचे जुने घन सेन्सर येत राहतील असे धरून, १ टक्क्याच्या वायूचा एक छोटा सिलिंडर आणि चांगला उच्च-रोध ऑप-अँप हाताशी ठेवा.